पक्षी उडाला नाही, म्हणजे तो निर्धास्त आहे का?

थंडी स्थिरावली की शनिवार-रविवारी पहाटे पुणे-सोलापूर महामार्गावरून भिगवणच्या आसपास गाड्या आत वळू लागतात. कुंभारगाव, डिकसळ, डाळज ही उजनी धरणाच्या फुगवट्यालगतची गावे. उजाडण्याआधीच तिथल्या काठावर लांब नळीच्या लेन्स, तिपाया आणि दुर्बिणी घेतलेली मंडळी नावेची वाट पाहत उभी असतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ही गर्दी मोजक्या पक्षिमित्रांची होती. आता तसे राहिलेले नाही. लांब पल्ल्याची लेन्स मध्यमवर्गीय नोकरदाराच्या आवाक्यात आली. पक्ष्याचा डोळा स्वतःच हुडकून त्यावर फोकस धरणारे आणि सेकंदाला वीस-वीस फोटो टिपणारे कॅमेरे बाजारात आले. काढलेला फोटो दुपारच्या जेवणाआधी मोबाइलवर शेकडो लोकांना दाखवता येऊ लागला. या तिन्हींचा एकत्र परिणाम म्हणजे आजची ही गर्दी. पक्षी पाहायला माणसे येतात ही वाईट गोष्ट नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

पण दर हिवाळ्यात त्याच गर्दीवरून तोच वाद होतो. रोहित अर्थात फ्लेमिंगोंचा थवा पंख उघडून एकदम उठला की गुलाबी-काळ्या रंगांची जी उधळण होते, तिचा फोटो प्रत्येकाला हवा असतो. थवा आपणहून कधी उठेल याची वाट पाहायला वेळ नसतो. मग नाव जवळ न्यायला सांगितले जाते, आणखी जवळ, आणि थवा उठतो. कुरवांचे फोटो मिळावेत म्हणून पाण्यात खाणे फेकले जाते. एक बाजू म्हणते, हा पक्ष्यांचा छळ आहे. दुसरी म्हणते, त्यांना नावांची सवय झाली आहे. नाव इतकी जवळ गेली तरी ते हलतसुद्धा नाहीत, बघा. गंमत अशी, की दोन्ही बाजूंनी कसोटी एकच मानली आहे. पक्षी उडाला तर त्रास झाला, नाही उडाला तर नाही झाला. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील संशोधन पाहिले तर ही कसोटीच कच्ची आहे.

आधी उडण्याची किंमत पाहू. पंख मारत उडणे हे पक्ष्याच्या शरीराला झेपणाऱ्या कामांतले सर्वांत महागडे काम आहे. बदकासारख्या पाणपक्ष्याला स्वस्थ बसलेल्या अवस्थेत जितकी ऊर्जा लागते, त्याच्या साधारण दहा-बारा पट ऊर्जा उडताना लागते. म्हणजे नावेने हुसकावल्यामुळे पक्षी पाच मिनिटे उडाला, तर त्याने सुमारे तासाभराच्या विश्रांतीइतकी ऊर्जा जाळली. यात बुडालेला चरण्याचा वेळ धरलेलाच नाही, आणि बहुतेक वेळा खरा तोटा तिथे होतो. रोहित पक्षी डोके उलटे करून, चोच उथळ पाण्यात फिरवत, चिखलमिश्रित पाणी गाळून सूक्ष्म खाद्य मिळवतो. हे काम घाईने होत नाही. एकेका घासात फारसे काही नसते, तासन् तास गाळत राहावे लागते. शिवाय त्याला बगळ्यासारखे जागच्या जागी उठता येत नाही. विमानासारखे पाण्यावरून काही पावले धावून मगच पाय सुटतात. असा थवा उठला, दूर जाऊन बसला, तिथे सावध होऊन उभा राहिला आणि पुन्हा मान खाली घालेपर्यंत किती वेळ गेला, हे नावेतल्या माणसाला दिसत नाही, कारण तोवर तो दुसऱ्या थव्याकडे निघालेला असतो.

उत्तरेकडे परतणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीने फेब्रुवारी-मार्च हे दिवस आणखी नाजूक. काळ्या शेपटीचा पाणटिवळा, तलवार बदक, थापट्या, पट्टकदंब हे सारे या दिवसांत परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात. पट्टकदंबाला तर हिमालय ओलांडायचा असतो. उपग्रह-पट्टी लावलेल्या पट्टकदंबांची सात हजार मीटरहून अधिक उंचीवरील उड्डाणे नोंदली गेली आहेत. ही चरबी म्हणजे त्यांच्या वाटेतला शिधा. तो आपल्या तळ्यांवर बांधला जातो. (रोहित मात्र या यादीत नाहीत. त्यांना सरसकट ‘सैबेरियाचे पाहुणे’ म्हणण्याची आपल्या बातम्यांची सवय काही जात नाही. भारतात त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते.)

आता न उडणाऱ्या पक्ष्याकडे वळू. 2004 मध्ये ग्लासगो विद्यापीठातील कॉलिन बील आणि पॅट मोनाहन यांनी एक साधा पण डोळे उघडणारा प्रयोग प्रसिद्ध केला. स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावर हिवाळ्यात टर्नस्टोन नावाचे छोटे पक्षी दगड-शेवाळ उलथून किडे शोधत फिरतात. संशोधकांनी त्यांतील काही पक्ष्यांना आधी काही दिवस वरून खाऊ घातले आणि काहींना नाही. मग ठरावीक पद्धतीने चालत त्यांच्या जवळ जाऊन ते कधी उडतात हे मोजले. आपल्या नेहमीच्या समजुतीप्रमाणे खाऊ मिळालेले पक्षी जास्त धीट असायला हवे होते. झाले उलटे. पोट भरलेले पक्षी माणूस दूर असतानाच उडाले, जास्त वेळा मान वर करून पाहत राहिले आणि उडून लांब गेले. उपाशी पक्षी जवळ येईपर्यंत चरत राहिले.

कारण कळले की आश्चर्य वाटत नाही. पळणे ही चैन आहे. ज्याच्या अंगात शिल्लक आहे, त्याला चरणे सोडून पळणे परवडते. ज्याची शिल्लक संपत आली आहे, तो धोका दिसत असूनही घास सोडत नाही. हातावर पोट असलेला मजूर ताप अंगावर काढून कामाला जातो, म्हणून त्याला ताप नाही असे आपण म्हणत नाही. या प्रयोगाचा अर्थ ‘जो उडत नाही तो नक्की उपाशी’ असा मात्र नाही. काही ठिकाणी पक्ष्यांना माणसाची खरोखरच सवय होते. मुंबईच्या खाडीकाठी गाड्यांच्या गोंगाटात चरणारे पक्षी आपण पाहतोच. मुद्दा एवढाच, की सवय आणि नाइलाज हे दोन्ही दुरून सारखेच दिसतात आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांत फरक करता येत नाही.

विज्ञानाने दुसऱ्या बाजूलाही तितकेच बजावले आहे. ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील जेनिफर गिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडले, की पक्षी उडून गेला एवढ्यावरून त्या जातीचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. जवळच दुसरी तितकीच चांगली चराऊ जागा असेल तर तो तिथे जाईल आणि दिवसअखेर त्याचे पोट तितकेच भरेल. इंग्लंडच्या खाड्यांत काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यांवर त्यांनी केलेल्या अभ्यासात माणसांच्या वावरामुळे पक्ष्यांची संख्या घटल्याचे दिसले नाही. खाद्य जिथे होते तिथे पक्षी येत राहिले. तेव्हा एक थवा उठवला म्हणून फोटो काढणाऱ्याला शिकाऱ्याच्या रांगेत बसवणाऱ्यांनीही थोडे थांबावे. प्रश्न ‘उडाला की नाही’ असा नसून ‘उडाल्यावर जायला दुसरी जागा होती का’ असा आहे.

आणि या प्रश्नाचे उत्तर उजनीत दर वर्षी बदलते.

भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे 117 टीएमसी, आणि त्यातील 63 टीएमसीहून अधिक निव्वळ मृतसाठा. शेती, सोलापूर शहर, पंढरपूर अशी मागणी येईल तसे पाणी सुटते, फुगवटा मागे सरकतो आणि काठाला ओला गाळ उघडा पडतो. शेतकरी त्याला गाळपेर म्हणतात आणि त्यावर पीक घेतात. पक्ष्यांचेही जेवणाचे ताट तेच. उथळ पाणी आणि उघडा गाळ यांची जी अरुंद किनार असते, तिच्यात पाणटिवळे, शेकाटे, रोहित चरतात. पाणी खोल असेल तर रोहितांच्या लांब पायांनाही तळ लागत नाही. धरण काठोकाठ भरलेले राहिले की ही किनार उशिरा आणि थोडीच उघडते. अशा वर्षी ‘यंदा फ्लेमिंगो रुसले’ अशा बातम्या येतात. उलट 2023 च्या पावसाळ्यात उजनी भरलेच नाही आणि 2024 च्या जानेवारीतच पाणी मृतसाठ्यात गेले. त्या हिवाळ्यात गाळाचे पट्टे लवकर आणि मोठे उघडे पडले. माणसांच्या दृष्टीने ते वर्ष टंचाईचे होते, चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांच्या दृष्टीने जागा विपुल होती.

ग्लासगोचा धडा इथे लावून पाहा. धरण भरलेल्या वर्षी चराऊ किनार तुटपुंजी. पक्षी तिच्यावरच दाटीवाटीने उभे. त्यांना दुसरीकडे जायला जागा कमी, म्हणून नाव जवळ आली तरी ते चरत राहण्याची शक्यता जास्त. नेमक्या अशा वर्षी फोटो काढणारे म्हणणार, ‘यंदा पक्षी काय जवळून मिळतात!’ म्हणजे जवळून फोटो मिळण्याचा हंगाम आणि पक्ष्यांना धक्का सर्वांत कमी परवडण्याचा हंगाम एकच असू शकतो. म्हणून नावांसाठी वर्षभराचा, सगळ्या वर्षांचा एकच नियम करून भागणार नाही. पाणीपातळीप्रमाणे तो बदलला पाहिजे. जलसंपदा विभाग रोजची पातळी जाहीर करतोच, त्यामुळे हे अवघडही नाही.

जवळ जाण्याचे ठीक किती अंतर ठीक? आकडा सगळेच विचारतात. सर्वसाधारणपणे जितका पक्षी मोठा, तितक्या दुरून तो उडतो, एवढे अनेक जातींवरील अभ्यासांतून दिसले आहे. पण जात, थव्याचा आकार, ऋतू, नाव वल्ह्याची की इंजिनाची, सरळ अंगावर येते की तिरकी जाते, यावर ते अंतर बदलते. आकड्यापेक्षा पक्ष्यांची मान वाचायला शिकणे जास्त उपयोगी. चरणाऱ्या रोहितांच्या माना खाली असतात. त्यांतल्या चार-सहा वर झाल्या, की पहिली सूचना मिळाली. मग सगळा थवा मान ताठ करून एका दिशेला चालू लागतो. ही दुसरी सूचना. तिसऱ्या सूचनेला थवा हवेत असतो. बदके पोहत-पोहत दूर सरकू लागतात, विश्रांती घेणारे पाणटिवळे पंखातली चोच बाहेर काढतात. हा सगळा वेळ चरण्यातून किंवा झोपेतून कापलेला असतो. पक्षी उडाला नाही तरी किंमत सुरू झालेली असते. पहिल्या सूचनेला नाव थांबली, इंजिन बंद झाले आणि माणसे गप्प बसली, तर बहुतेकदा काही मिनिटांत माना पुन्हा खाली जातात. जुने छायाचित्रकार सांगतात की थांबलेल्या नावेजवळ पक्षी आपणहून सरकत येतात, आणि तेच फोटो जास्त चांगले निघतात. घाबरून पळणाऱ्या थव्याच्या फोटोत बहुधा पाठी आणि शेपट्याच दिसतात, हे जाणकार परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

मग नियम करायचा कोणी? इथे खरी गोची आहे. ‘भिगवण पक्षी अभयारण्य’ असे शब्द पाट्यांवर आणि जाहिरातींत दिसत असले, तरी उजनीचा फुगवटा हे कायद्याने अधिसूचित अभयारण्य नाही. तो एक सिंचन जलाशय आहे. पाणी जलसंपदा विभागाचे, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाच्या अखत्यारीत, पक्षी वन विभागाचे, आणि काठ तीन जिल्ह्यांच्या ग्रामपंचायतींचा. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्राने 2017 मध्ये केलेल्या नियमांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले आहेत. महाराष्ट्रात नैसर्गिक सरोवरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आपल्याकडचे हिवाळी पाणपक्षी मोठ्या प्रमाणावर धरणे आणि तलावांवरच उतरतात. म्हणजे ज्या जागांवर आपले पक्षी आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा त्या नियमांच्या बाहेर राहिल्या.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 सगळीकडे लागू आहे हे खरे. त्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. वन्यप्राण्याला हाकणे आणि आमिष दाखवणे यांचाही तिच्यात समावेश होतो. कागदावर पाहिले तर थव्यावर नाव घालणारा किंवा कुरवांना खाणे फेकणारा त्या शब्दांच्या जवळपास येतो. पण रविवारी सकाळी फोटोसाठी आलेल्या अभियंत्यावर शिकारीचा गुन्हा कोणी दाखल करील, असे मला वाटत नाही आणि तो करावा असेही वाटत नाही. शिकाऱ्यासाठी केलेला कायदा पर्यटकाला वळण लावायच्या कामाचा नाही.

नावाड्यांना दोष देणे सोपे आहे. धरणात जमिनी आणि गावे गेली, त्या पाण्यावर मासेमारी करून जगणारी ही माणसे. पक्षी पाहायला येणाऱ्यांमुळे थंडीच्या चार महिन्यांत त्यांच्या घरात दोन पैसे जास्त येऊ लागले. घरगुती निवास, पिठलं-भाकरी आणि चिलापीचे जेवण यांचाही जम बसला. गिऱ्हाईक ‘अजून जवळ घ्या हो भाऊ’ म्हणते, शेजारच्या नावेने जवळ नेल्याचे दाखवते, वर बक्षिसीचे सुचवते. एकट्या नावाड्याने नकार दिला तर गिऱ्हाईक पुढच्या रविवारी दुसऱ्याकडे जाईल. हे एकट्याने सुटणारे गणित नाही, सगळ्यांनी मिळून ठरवले तरच सुटते.

तसे ठरवता येते याचा दाखला देशातच आहे. ओडिशात चिल्का सरोवराच्या उत्तर टोकाला मंगलाजोडी हे गाव. एकेकाळी तिथे पाणपक्ष्यांची शिकार हा राजरोस धंदा होता. पुढे त्यातल्याच माणसांची पक्षी संरक्षण समिती झाली, आणि काल बंदूक व विष वापरणारे हात आज वाटाडे म्हणून दलदलीतून बांबूने नाव ढकलत नेतात. इंजिन नाही. वेग कमी, आवाज जवळजवळ नाही. पाणटिवळ्यांचे प्रचंड थवे तिथे नावेपासून थोड्या अंतरावर चरत असतात. तिथल्या वाटाड्याला पक्ष्याची सवय आणि भीती यांतला फरक कळतो, कारण तो फरक ओळखण्यावरच त्याची शिकार एकेकाळी अवलंबून होती. उजनीच्या मच्छीमारांना पाण्याची ओळख यापेक्षा कमी नाही.

दुसरा मार्ग नाशिक जिल्ह्यात आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बांधलेला नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा गाळाने भरत गेला आणि त्याचीच दलदल पक्ष्यांना मानवली. डॉ. सलीम अलींनी त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. 1986 मध्ये ते अभयारण्य झाले आणि 2020 मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ. तिथे चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आणि आडोसे आहेत, दुर्बिणी लावून दाखवणारे स्थानिक वाटाडे आहेत. फोटो काढणाऱ्यांची तिथली कायमची तक्रार म्हणजे ‘पक्षी फार लांब असतात’. तक्रार खरी आहे. पण पाहायला आलेल्यांना दुर्बिणीतून चक्रवाक आणि थापटे निवांत चरताना दिसतात, ते नाव घालून पाहिलेल्या थव्यात क्वचितच दिसते.

स्कॉटलंडच्या सरोवरांवर हिवाळी पक्षिनिरीक्षणाची जी जुनी परंपरा आहे, तीही मुख्यतः आडोशांवरच उभी आहे. एडिंबराच्या उत्तरेला लॉक लेव्हन आहे. तिकडे सरोवराला लॉक म्हणतात. शरद ऋतूत आइसलँड-ग्रीनलँडकडून हजारो गुलाबी पायांचे हंस तिथे उतरतात. काठावरच्या राखीव क्षेत्रात लाकडी खोपट्या आहेत. त्यांच्या अरुंद फटींतून पाहायचे, बोलायचे हळू. तिकडच्या 1981 च्या कायद्यात दुर्मीळ पक्ष्यांना त्रास देणे गुन्हा ठरवले आहे, पण ते मुख्यतः घरट्याशी जोडून. हिवाळ्यात चरणाऱ्या थव्याचे रक्षण कायद्यापेक्षा ती लाकडी फळीच जास्त करते. उजनीच्या काठावर पाणी शेकडो मीटर मागेपुढे सरकत असल्याने कायमची खोपटी बांधून उपयोग नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण उसाच्या पाचटाचा, बांबूचा, हलवता येणारा आडोसा गावातला कोणीही उभारू शकतो, आणि त्याचे भाडे नावेइतकेच मिळू शकते.

आरोग्याच्या अंगानेही या छंदाकडे पाहायला हवे. लंडनच्या किंग्ज कॉलेजने 2022 मध्ये सुमारे 1,300 लोकांच्या मोबाइलवरील नोंदींवरून दाखवले, की पक्षी दिसणे किंवा त्यांचा आवाज ऐकू येणे याचा मनःस्थिती सुधारण्याशी संबंध आहे, नैराश्याचे निदान झालेल्यांतही, आणि तो परिणाम काही तास टिकतो. त्या अभ्यासात पक्षी किती जवळून दिसला किंवा त्याचा फोटो मिळाला का, असे विचारलेले नव्हते. नुसते दिसणे-ऐकणे पुरेसे होते.

दुसरी बाजू बर्ड फ्लूची. 2021 च्या जानेवारीत हिमाचल प्रदेशातील पाँग धरणाच्या जलाशयावर चार हजारांहून अधिक पक्षी मेले, त्यांत बहुतांश पट्टकदंब होते. 2025 च्या सुरुवातीला लातूर जिल्ह्यातील उदगीरमध्ये कावळे मेले, आणि नागपूरच्या गोरेवाड्यात मेलेल्या वाघ-बिबट्यांतही तोच एच5एन1 विषाणू सापडला. माणसाला या विषाणूची लागण क्वचित होते, पण होते तेव्हा ती गंभीर ठरते. म्हणून पाणवठ्यावर मेलेला किंवा मान टाकलेला पक्षी दिसला तर त्याला हात लावू नये, फोटोसाठी उलटवून पाहू नये. जागा लक्षात ठेवून वन विभागाला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. बरोबर लहान मुले आणि पाळीव कुत्रे असतील तर त्यांना दूर ठेवावे. घरी गेल्यावर चिखलाचे बूट धुऊनच कोंबड्यांच्या खुराड्याकडे जावे. इंदापूर-बारामतीकडे कुक्कुटपालन किती आहे ते वेगळे सांगायला नको. कुरवांना फरसाण आणि मासळीचे तुकडे फेकणे बंद करण्याचे हेही एक कारण. एरवी विखरून राहणारे पक्षी खाण्यासाठी एका जागी दाटी करतात, आणि संसर्गाला तेच हवे असते.

एवढे सगळे वाचून कॅमेरा कपाटात ठेवावा असे कोणाला वाटले तर तेही चूक ठरेल. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा 2023 चा अहवाल देशातील तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवर उभा आहे. त्यातील बहुतेक नोंदी हौशी माणसांच्या. ज्या 338 जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांतील 60 टक्के जाती घटल्या आहेत हे त्यांच्यामुळेच कळले. दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून अशाच स्वयंसेवकांच्या जिवावर चालते. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले पट्टकदंब भारतात ओळखू आले ते कोणीतरी दुरून काढलेल्या फोटोमुळे. पायातल्या रंगीत पट्टीवरचे अक्षर वाचता येईल असा एक फोटो, उठलेल्या थव्याच्या शंभर फोटोंपेक्षा संशोधकाला मोलाचा असतो. त्यासाठी पक्षी स्वस्थ उभा असावा लागतो.

उजनीवर हेच काम यंदापासून करता येईल. पाणीपातळी, गाळाचा पट्टा साधारण किती रुंद आहे, नावा किती आहेत आणि रोहितांच्या माना वर किती, खाली किती, एवढ्या चार गोष्टी दर रविवारी एकाच ठिकाणाहून कोणी लिहून ठेवल्या, तर दोन-तीन हंगामांत कोणत्या पातळीला नावा कुठपर्यंत जाऊ द्यायच्या याचा स्थानिक आकडा हाती येईल. जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. मोजणीला दुर्बीण, वही आणि काठावरची सावली पुरते. फक्त सुरुवात डिसेंबरात व्हावी, कारण पाणी मागे हटू लागल्यावर पहिले पक्षी कोणत्या पट्ट्यावर उतरले ते नंतर सांगता येत नाही.